माझ्या नावाने जेवलेला माणूस

मी, रुफिनो लिमाची तार्की, वय चौऱ्याहत्तर, धंदा पावभट्टी, राहणार व्हिया विक्तोरिया, ला पास, डोके ठिकाणावर आणि पोट भरलेले असताना ही निरवानिरव लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही आणि कोणाची भीड नाही. सरकारी दप्तरात मी एकदा मेलो होतो आणि नंतर पुन्हा जिवंत झालो. तेव्हा त्या पहिल्या मरणाच्या आधारे कोणी कसलाही हक्क सांगू नये. नोटरीबाई म्हणाल्या, मृत्युपत्रात फक्त मिळकतीचे लिहायचे असते. मी म्हटले, माझी मिळकत ज्या माणसामुळे आहे त्याचे लिहिल्याशिवाय माझा हात पुढे सरकणार नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "लिहा मग, पण अक्षर नीट काढा."

कलम पहिले

व्हिया विक्तोरियातले घर, म्हणजे खालची भट्टी, वरच्या दोन खोल्या आणि गच्ची, माझी मुलगी देल्फिना हिला द्यावे. तिचा धाकटा भाऊ विल्मेर कोचाबांबाला असतो. त्याला बँकेतली सगळी शिल्लक द्यावी. घर मिळाले नाही म्हणून त्याने कुरकुर करू नये, कारण कोचाबांबाला सगळेच इथल्यापेक्षा चांगले मिळते हे तोच मला दर फोनला ऐकवतो.

घराला कसलीही अट नाही. हे मुद्दाम लिहीत आहे, कारण पुढे देल्फिनाकडे माझे एक मागणे आहे. ते मागणे आहे, अट नव्हे. तिने ऐकले नाही तरी घर तिचेच राहील.

कलम दुसरे

मागणे असे आहे. मेलेला माणूस तीन वर्षे एक नोव्हेंबरला दुपारी बाराला घरी जेवायला येतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत जातो. त्याच्या आवडीचे सगळे टेबलावर मांडावे लागते. नोटरीबाईसुद्धा वडिलांचे मांडतात, मी विचारून घेतले. देल्फिना माझे मांडेल याबद्दल मला शंका नाही. तिने माझ्या ताटाशेजारी आणखी एक ताट मांडावे. ते ताट त्या माणसाचे, जो थोरल्या दफनभूमीत, भिंतीतल्या माझ्या नावाच्या कोनाड्यात, माझ्या ऐवजी पुरलेला आहे. आजवर ते मी मांडत आलो. माझ्यामागे ते बंद पडू नये एवढाच माझ्या जिवाला घोर आहे.

देल्फिनाने मला तोंडावर नकार दिला आहे. तोही इथे नोंदवतो, म्हणजे तिच्यावर अन्याय होणार नाही.

"बाबा, तुमचं तीनच वर्षं का, मी जिवंत असेपर्यंत मांडीन. त्या चोराचं नाही मांडणार."

"चोर असला तरी आता घरचाच झालाय गं."

"कसला घरचा? सात वर्षांची होते मी. त्याच्या कोनाड्यासमोर उभी राहून तुमच्यासाठी रडले. आई अडीच वर्षं काळ्या कपड्यांत वावरली. आणि मी त्याला जेवायला घालू?"

 ती रडली ते खरेच होते आणि ते मी पाहिलेले नाही. म्हणून जे बोलता आले नाही ते इथे लिहितो.

कलम तिसरे

१९७९ साली मी सरहद्दीपलीकडे, ब्वेनोस आइरेसच्या एका पावभट्टीत कामाला होतो. जूनमध्ये कोणाला न कळवता घरी निघालो, कारण बासिलियाला, म्हणजे माझ्या बायकोला, चकित करायचे होते. सरहद्दीवरच्या बसस्टँडवर बसला वेळ होता. जागा राखायला मी बाकावर कोट ठेवला आणि पलीकडच्या गाडीवर सूप प्यायला गेलो. वाळवलेल्या बटाट्याचे, मटणाचे, वर पुदिना घातलेले सूप. ते इतके चांगले होते की मी दुसरा वाडगा मागितला. परत येतो तो कोट नाही. कोटातले तिकीट नाही, ओळखपत्र नाही, अस्तरात शिवलेली कमाई नाही, आणि बसही निघून गेलेली.

ती बस त्याच रात्री दरीत कोसळली. मला त्याचा पत्ताही नव्हता. मी दोन दिवस शिव्या देत हिंडलो, मग रिकाम्या हाताने घरी जायची लाज वाटली म्हणून उलटा फिरलो आणि पुन्हा त्याच भट्टीला लागलो. येतो हे कळवलेच नव्हते, त्यामुळे घरी कोणी वाट पाहत नसेल असे मी धरून चाललो, आणि पुन्हा कमाई साठेपर्यंत लाजेने पत्रही टाकले नाही. इकडे दरीतून काढलेल्या एका माणसाचा चेहरा ओळखण्यासारखा उरला नव्हता आणि त्याच्या अंगावरच्या कोटात माझे ओळखपत्र होते. बासिलियाने कोट ओळखला. त्यावरचे ठिगळ तिनेच लावलेले होते.

मी परत आलो ते १९८१ च्या एक नोव्हेंबरला. सकाळी पोचणारी बस नेहमीसारखी उशिरा आली, म्हणून घरात पाऊल ठेवले तेव्हा बारा वाजत होते. टेबलावर माझा लग्नातला फोटो, मेणबत्त्या, उसाची कमान, पावाच्या बाहुल्या आणि मी वरून उतरून यावे म्हणून पावाची शिडी. शेजारचा एवारिस्तो डोळे मिटून प्रार्थना म्हणत होता. त्याने डोळे उघडले, मला पाहिले, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "आलास का, रुफिनो? ये, बस. सगळं तुझंच आहे. आम्हाला मात्र काही करू नकोस." असे म्हणत तो मागच्या मागे दारातून बाहेर गेला. जाताना सगळ्यांत मोठी बाहुली बगलेत मारून गेला.

बासिलिया हलली नाही. ती माझ्या बुटांकडे बघत होती. त्यांना चढावरचा चिखल लागलेला होता.

"पाय पूस," ती म्हणाली. "आत्ताच जमीन पुसलीय."

आणि मग तिने टेबलाजवळची खुर्ची माझ्यासाठी मागे ओढली.

लोकांना वाटते की त्या दिवशी आम्ही सगळे रडलो. रडलो, पण आधी मी जेवलो, कारण दोन दिवस पोटात काही नव्हते. ताटात तिखट रश्श्यातली कोंबडी होती. त्या रश्श्यात वाटाणे असतातच. मला वाटाणे आवडत नाहीत, आणि घरी असताना त्यावरून मी बासिलियाची कमी बोलणी खाल्ली नव्हती. त्या ताटात एकही वाटाणा नव्हता. मेलेल्या नवऱ्यासाठी तिने सगळा रस्सा चाळून वाटाणे वेचून काढले होते. आपल्या माघारी कोण आपल्यावर किती जीव टाकते हे कोणालाच बघायला मिळत नाही. मला मिळाले. त्याबद्दल मी देवाचा जन्मभर ऋणी आहे.

पुढे मला सरकारदरबारी जिवंत व्हावे लागले. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "अर्ज नातेवाइकांनी करायचा असतो, मयताने नाही." त्याचेही मी वाईट वाटून घेतले नाही.

कलम चौथे

पुढच्या वर्षी बासिलियाच्या आईचे टेबल मांडायचे होते. मी भट्टीतून पाव घेऊन वर आलो तर एक ताट जास्त दिसले.

"हे कोणाचं?"

"त्याचं."

"त्या चोराचं? त्यानं माझा कोट नेला, तिकीट नेलं, कमाई नेली. वर दोन वर्षं माझं जेवणही तोच जेवला."

"आणि तुझं मरण कोणी नेलं?" बासिलिया म्हणाली. "त्याच्या घरी कोणी मांडत नसणार, रुफिनो. तो गेलाय हेच त्यांना ठाऊक नाही. त्याची बायको अजून दाराकडे बघत बसली असेल. मला निदान रडायला एक कोनाडा तरी होता."

मग तिने माझ्या वाटणीच्या रश्श्यातले वाटाणे वेचले आणि त्याच्या ताटात घातले. म्हणाली, त्याला आवडत असतील तर दोन वर्षं बिचाऱ्याला मिळाले नाहीत.

त्याला काय आवडत होते हे कोणालाच माहीत नव्हते. पोलिसांत, बसवाल्यांकडे, सरहद्दीवर, सगळीकडे विचारून झाले. तेव्हा मी ठरवले की दर वर्षी त्याच्या पुढ्यात काहीतरी नवे ठेवायचे, आणि ठेवण्याआधी स्वतः खाऊन बघायचे. हे शहर मी असे त्याच्या निमित्ताने खाल्ले. पहाटेची भट्टी आटोपली की बाजारात जांभळ्या मक्याची गरम पेज, आपी, आणि चीज भरून तळलेला, फुग्यासारखा फुगलेला पास्तेल. दहाला साल्तेन्या. दुपारी कुठल्यातरी नव्या खानावळीत सूपसकट जेवण. संध्याकाळी चहा आणि आमच्याच भट्टीचा माराकेता पाव, कुरकुरीत असेपर्यंत. केबल कार सुरू झाल्यावर तर वरच्या पठारावरच्या एल आल्तोचा बाजारही हाताशी आला. लोक मला खादाड म्हणतात. म्हणोत, पण मी कामावर होतो.

मेलेला माणूस जे जेवतो त्याची चव निघून जाते, असे आमच्या घरात मानतात. म्हणून दोन नोव्हेंबरला टेबल आवरताना मी त्याच्या ताटातले सगळे चाखून बघत असे. एका वर्षी शेंगदाण्याचे सूप पाणचट लागले. मी आनंदाने ओरडलो, सापडले. बासिलिया म्हणाली, मीठ घालायचे राहिले होते.

कलम पाचवे

साल्तेन्यावाली हुस्ता. तिच्या गाडीवरची छत्री फाटली आहे, ती माझ्या खर्चाने नवी, मोठी, निळी घेऊन द्यावी. इतकी वर्षे तिने मला कासेरो म्हटले, म्हणजे ठरलेले गिऱ्हाईक, आणि मी तिला कासेरा, म्हणजे ठरलेली विकणारी, आणि दुसऱ्या कोणाची साल्तेन्या खाल्ली तर तिला वासावरून कळायचे. "तोंड पुसून ये, कासेरो," एवढेच म्हणायची. साल्तेन्या म्हणजे रसाने भरलेली भाजकी करंजी. ज्याचा रस सांडेल त्याने सगळ्यांना खाऊ घालायचे, असा तिच्या गाडीवरचा कायदा. माझा रस दोनदाच सांडला. दुसऱ्यांदा धक्का लागला होता, तो धरू नये.

कलम सहावे

लाकडी काथवट, लांब दांड्याचे उलथने आणि आंबवणाचे मडके देल्फिनाकडे राहावे. आंबवणाला रोज पीठ-पाणी लागते, कोणी मेले म्हणून त्याचा उपास करू नये. देल्फिनाच्या क्रीमच्या केकना मी नावे ठेवतो हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. नावे ठेवून झाली की मी दुसरा तुकडा मागतो, हेही आता कागदावर येऊ दे. दगडी पाटा विल्मेरच्या बायकोला द्यावा. मिरची-टोमॅटोची चटणी मिक्सरमध्ये करू नये, कोचाबांबाला करतात तरीही.

एवारिस्तोने पळवलेली बाहुली मी त्याला माफ करतो. त्याने मात्र ती घाबरून उचलली म्हणणे आता सोडावे. घाबरलेला माणूस सगळ्यांत मोठी निवडत नाही.

कलम सातवे

बासिलियाची राख गावाकडे तिच्या आईजवळ आहे, ती तिचीच इच्छा होती. माझी राख त्या माणसाच्या कोनाड्यात ठेवावी. कोनाड्याच्या भाड्याची मुदत मी वेळोवेळी वाढवत आलो आहे. पाटीवर माझे नाव आधीच आहे, त्यामुळे नवी पाटी लागणार नाही. मी जिवंत ठरल्यावर ती पाटी काढायला मला सांगितले होते. मी काढली नाही, कारण त्याच्यासाठी दुसरे नाव मी कुठून आणणार होतो? प्रार्थना म्हणणारे विचारतात, कोणाच्या नावाने म्हणायची? आम्ही इतकी वर्षे सांगत आलो, रुफिनोच्या.

कलम आठवे

देल्फिना, हे तुझ्यासाठी. तुझ्या पंधराव्या वाढदिवसाला मी तुझ्याबरोबर नाचलो आणि तुझ्या पायावर पाय दिला. विल्मेर मी आल्यानंतर जन्मला. तुझ्या आईबरोबर मी आणखी छत्तीस वर्षे जेवलो, भांडलो, आणि तिच्या शेवटच्या दुखण्यात तिला चमच्याने सूप भरवले. त्या बसमध्ये मी असतो तर यातले काहीच माझे नव्हते. तो चांगला माणूस होता असे मी म्हणत नाही. तो चोर होता, आणि त्याने माझे जे नेले ते मला कधीच परत नको. त्याच्या घरी कोणी मुलगी होती का, हे मला ठाऊक नाही. असली तर ती तुझ्याएवढीच असेल, आणि तिला रडायला जागा मिळाली नाही. तू चुकीच्या माणसासाठी रडलीस असे तू म्हणतेस. मला वाटते, आई गेल्यावर त्याच्यासाठी रडलेली तू एकटीच उरली आहेस.

तरीही मी तुझ्यावर जोर करणार नाही. तुझा राग तुझा आहे आणि तो मी कोणाला वाटून देऊ शकत नाही. तुला त्याचे ताट मांडवत नसेल तर मांडू नकोस. फक्त माझे ताट वाढताना हात जरा सैल सोड, आणि वाटाणे वेचू नकोस. मी येताना त्याला बरोबर घेऊन येईन, आम्ही दोघे एका ताटात जेवू.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचून दाखवला, आणि तो मला मान्य आहे.

सही: रुफिनो लिमाची तार्की

आमच्यासमोर सही झाली. सही करणारा जिवंत आहे याची खात्री करून घेतली:

साक्षीदार: एवारिस्तो पोमा, शेजारी

साक्षीदार: तेओदोरा किस्बेर्त, शेजारीण

नोटरी: लिडिया सोलिस

स्थळ: ला पास
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२२