खाडी रिकामी ठरवणारा नियम

१ फेब्रु.
सुनावणीआधीच्या सभेतल्या भाषणाची सुरुवात: "सारसोळ्यातल्या बंधूंनो, आयाबायांनो, दर भांगाला आपली खाडी रिकामी असते, असं कागदावर सिद्ध झालंय. ज्याने सिद्ध केलं त्याने आयुष्यात जाळं हातात धरलेलं नाही."
पुढे नाव घ्यायचं. क. सर. चार वर्षं माझे गाइड.

दुपारी मोरा बंदराहून रुबिना आली. लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची, अजून तिथेच आहे. "आधी बस, मग वाच," म्हणाली. आमच्या खाडीत जेट्टी बांधू पाहणाऱ्या कंपनीसाठी सरांनी केलेला अहवाल. त्यात एक नियम: तिथी अष्टमी ते एकादशी आणि भरतीचा जोर कमी, म्हणजे आमचा भांग, तर खाडी 'रिकामी'. सबब त्या दिवसांत बार्ज चालतील, होड्या आणि जाळी बंद. जेट्टीच्या परवानगीची सुनावणी १२ तारखेला, अकरा वाजता, सीबीडीतल्या सरकारी कचेरीत.

नियम वाचता क्षणी ओळखला. लॅबमध्ये मी मशीनसाठी लिहिलेल्या व्याकरणातून जन्मलेला आहे. कोणते शब्द वापरायचे, कशाला काय जोडता येईल, ते मी लिहिलं होतं: तिथी, भरती, वारा. त्यातून मशीन हजारो नियम तयार करतं, मासळीच्या नोंदींशी जुळतील ते जगतात, त्यांची पिल्लं पुढच्या पिढीत. व्याकरणात जे नाही ते जन्मालाच येत नाही. मी 'तिथी' घातली तेव्हा सर सगळ्या लॅबसमोर म्हणाले होते, "पंचांग मांडून कॉम्प्युटर सायन्स करणार का?"
आता पंचांग त्यांच्या अहवालात आहे. माझं नाव नाही.

३ फेब्रु.
सरांच्या केबिनमध्ये गेले. चहा मागवला त्यांनी. मी प्यायले नाही.
"अगं, लॅबमधलं काम लॅबचं असतं. भाषणं छान करतेस, तीच कर."
जिन्यावर उभी राहून सूड ठरवला. मी पुष्कळ सूड वाचले आहेत, चार खंडांतले, सगळ्या शतकांतले. वाचन वाया जाऊ देणार नाही. भर सुनावणीत, त्यांच्या विद्यार्थ्यांसमोर, कंपनीसमोर. हळूहळू, एकेक वाक्य.

५ फेब्रु.
जनूकाकांकडे. बाबांचे चुलतभाऊ. त्यांच्याच नऊ वर्षांच्या वहीवरून मी नोंदी उतरवल्या होत्या. ओट्यावर डोल, ओढत्या पाण्यात बांधायचं पिशवीसारखं जाळं, वाळत घातली होती. नियम वाचून दाखवला. हसले.
"भांगान डोल कोन लावतंय, बाय? पानीच वढत नाय, त डोल काय करंल?"
"मग त्या दिवशी वहीत काय लिहिता?"
"काय लिवू? कोरा सोरतों."
"मासा नसतो म्हणून?"
"मासा हाय की. पाग टाकतों, चिंबोऱ्या धरतों. घरच्या कालवनाचा कोन लिवतंय? तू वरपत व्हतीस तवा नाय इचारलास."

घरी येऊन जुनी फाईल उघडली. वर माझीच एक ओळ. कोरा रकाना = ०.
म्हणजे डोलीच्या विसाव्याचे दिवस मी मशीनला उपाशी दिवस म्हणून शिकवले. त्याने प्रामाणिकपणे तेच शोधून परत दिलं. सरांनी चोरलं ते माझ्या चुकीसकट.


६ फेब्रु.
फायदा दिसतोय. अहवालावर नाव त्यांचं. शून्यही त्यांच्याच गळ्यात घालता येईल.
रुबिनाला फोन. "मग गप बस ना. चोराला चोरीचा माल लागू दे."
"आणि त्यांनी विचारलं, शून्य कुणी भरलं?"
"तर तुमी दोघं बुडा. मी मोऱ्याच्या लाँचमध्ये बसून बघते."
मग तीच म्हणाली, "फाईल मी पण तपासली होती गं. आमच्या मोऱ्यालाही भांगात डोल लावत नाहीत. मला कळायला हवं होतं."
मलाही. कोळ्याच्या घरात जन्मून.

८ फेब्रु.
कोरे दिवस वगळले, व्याकरणात 'कोणतं जाळं' (डोल की हाताने फेकायचा पाग) हा शब्द घातला, पुन्हा चालवलं. नवे नियम उधाणाचं नीट सांगतात. भांगाबद्दल काहीच सांगत नाहीत. खरं तेच आहे, पण 'माहीत नाही' म्हटल्याने बार्ज थांबत नाही. भांगातल्या मासळीची नोंद जगात कुठेच नाही. आम्ही ती खाऊन टाकली.

संध्याकाळी काकांना सगळं सांगितलं, माझ्या ओळीसकट. जाळ्यात सुई घालता घालता म्हणाले,
"तुला सर बुडवायचाय का आपली खारी वाचवायचेय?"
"दोन्ही."
"मंग पयला तुझा शून्य सांग. नायतर तो सांगंल."
त्यांचं बरोबर आहे, म्हणून आणखी चीड आली.

११ फेब्रु.
आज सहाला मंदिरासमोर सभा. उद्या दशमी, पुरता भांग. सरांवरचा परिच्छेद तीनदा खोडला, तीनदा परत लिहिला. राहू दे. उद्या सुनावणीत ते पहिल्या रांगेत असतील, तिथे त्यांच्याकडे बघूनच पुन्हा वाचेन. पण त्याच्या आधी माझ्या शून्याचा परिच्छेद. अजून नीट जमत नाही, "माझ्या हातून" या शब्दांनंतर पेन थांबतं.
काकांना विचारलं, उद्या मासळी मिळेल ना? म्हणाले, "पान्याचा कोन सांगंल?" सुनावणीला रिकाम्या पाट्या गेल्या तर सरांचा नियम खरा ठरतो, आणि त्यावर शिक्का मीच मारलेला असेल.

भाषणाचा शेवट असा: "चोरी त्यांची, चूक माझी, खाडी आपली. भाषणाने ती भरलेली दिसणार नाही. उद्या पहाटेच्या पाण्याला सारसोळ्याची एकही होडी काठावर राहू देऊ नका. पाग टाका, चिंबोऱ्या धरा, आणि जे मिळेल ते घरी न नेता अकराच्या आत सीबीडीत, सुनावणीच्या टेबलावर आणून ओता."