विहिरीच्या पायऱ्या

चोपडा, वैशाख, १९४३

लोटनभाऊस,

फौजेतून येणाऱ्या तुझ्या प्रत्येक पत्रात एकच विचारणा असते, "दुर्गे, विहिरीत उडी मारलीस का?" मी दर वेळी कळवते की खांदा पार बरा झाला. ते खरं नाही. खरं कळलं तर तिकडे तुझा जीव थाऱ्यावर राहणार नाही, म्हणून हे लिहून ट्रंकेतच ठेवणार आहे.

गेल्या उन्हाळ्यात तू आग्रह केलास, मी काठावरून सूर मारला आणि खांदा कपारीवर आदळून निखळला. हाडवैद्याने तो बसवला, पण बजावलं, "पुन्हा निखळला तर हात कामातून जाईल." तेव्हापासून तू स्वतःला दोष देतोस, हे मला कळतं.

माहेरी आल्यावर आज दुपारी मी विहिरीवर गेले. पाणी पाहून जीव इतका ओढला की पदर खोचला. पण उडी घेववेना. लेकराला उचलायला मला हा हात लागतो. तिथेच रडू आलं.

माय धुणं धूत होती. म्हणाली, "उडीच कसाले माराले पाहिजे? पायऱ्या शेतस ना, उतर."

पायऱ्या होत्याच, उतरले. गळ्यापर्यंत पाणी आलं, तशी एका हाताने पोहायला लागले. तिरकी जात होते, पण जात होते. माय काठावरून हसत होती आणि मीही.

भाऊ, सूर आता मारायचा नाही, हे ठरलं. रजेवर आलास की समोरासमोर सांगेन. उडी तू मार. मी आधीच पाण्यात असेन.

तुझी धाकटी बहीण,
दुर्गा