पंक्तीला बसण्यापूर्वी

शहागंज, औरंगाबाद
मंगळवार, दि. ११ फेब्रुवारी १९९७

चि. गं. भा. चतुराबाई हिस कडूबाचे अनेक आशीर्वाद.

येथील सर्व क्षेम असे लिहिण्याचा प्रघात आहे, म्हणून लिहितो. देवगावाकडील क्षेम तू कळवावेस अशी अपेक्षा करण्याचा मला अधिकार नाही. चोवीस वर्षांनी आलेले भावाचे पत्र चुलीत घालण्यापूर्वी एवढे वाच की, मी काही मागण्यासाठी लिहीत नाही. मला एक घास घ्यावयाचा आहे आणि तो तुला कळविल्यावाचून घेता येत नाही. येत्या रविवारपर्यंत मला काय ते ठरविले पाहिजे.

क्रमाने सांगतो.

तुझी वहिनी वच्छलाबाई वारल्याचे तुला कोणाकडून तरी कळले असेलच. त्यास तीन वर्षे झाली. पुढे माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, सुईत दोरा ओवता येईना, आणि शिवणाचे दुकान सोडावे लागले. मूलबाळ नाही हे तू जाणतेस.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी 'शेजार मंडळ' म्हणून एक संस्था आहे. गल्लीतल्याच लोकांनी चालविलेली. आजाऱ्यांस खाट आणि कुबड्या वापरावयास देणे, एकट्या म्हाताऱ्यांस घाटी दवाखान्यात नेऊन आणणे, बाळंतिणीस जुने मऊ कपडे पुरविणे, अशी कामे ती करते. मुख्य काम दुपारच्या जेवणाचे. मंडळाच्या ओसरीवर रोज बारा वाजता पंक्ती बसते. ज्यांस येववत नाही त्यांस घरी डबा जातो. स्वयंपाकघर साळूबाई नावाच्या बाई सांभाळतात. आवाज असा की रस्त्यावरचा टांगा थांबावा.

दसऱ्यानंतर मलाही एक डबा येऊ लागला. मी मागितला नव्हता. साळूबाईंनी तो आपण होऊन उंबऱ्यात ठेवला आणि म्हणाल्या, "डोळं नीट व्हईपर्यंत घ्या काका. न्हायतर एखांद्या दिशी भाकरीऐवजी हातच भाजून खाताल." डोळ्यांकरिता म्हणून मी तो स्वीकारला. हे ध्यानात ठेव. डोळ्यांकरिता.

आईची शिस्त तुला आठवत असेल. शेजारचे भांडे रिकामे परत जावयाचे नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर तरी. मी डबा घासून, पुसून, त्यात दारच्या डालड्याच्या डब्यातला कढीपत्ता घालून परत पाठवू लागलो. महिन्याभरात झाडाच्या नुसत्या काड्या राहिल्या. मग शेंगदाणे घातले. मग गूळ. ते कोठून आणीत होतो हे विचारू नकोस. संध्याकाळचे जेवण मी बंद केले होते, आणि या वयास ते हितकारकही असते.

तीनदा उठून दाराला कडी आहे की नाही पाहून आलो. कोणी येणार नाही हे ठाऊक असून पाहिले. आज येथेच थांबतो.

गुरुवार, दि. १३

पत्र टाकले नाही. पुढे लिहितो.

संक्रांतीस मी, ज्यांच्याकडे शिवण शिकलो त्या उस्तादांची पितळी इस्त्री विकली. पोलीस ॲक्शनपूर्वी, निजामाच्या अमलात, ज्या शेरवान्यांवर ती फिरे, त्या एका हिवाळ्यात बंद झाल्या. इस्त्री मात्र मी जपून ठेवली होती. तिच्या बदल्यात तीळ, गूळ, वेलदोडा आणला आणि डब्याचे चारही पुडे तिळगुळाने गच्च भरून पाठविले. स्वयंपाकघरातल्या सर्व बायांस पुरला. त्या दिवशी मी फार समाधानाने झोपलो. खोटे कशास लिहू?

चार दिवसांनी साळूबाई आणि मंडळाचे अध्यक्ष बद्रीनाथ शेटजी नारळ घेऊन माझ्या दारी आले.

"मास्तर, तुमचा हात लई मोठा," शेटजी म्हणाले. "खाणारं एक तोंड अन् देणं चार पुड्यांचं! असा माणूस आमच्या पंचात पाहिजे. कोणाला खरी गरज हाये, कोणाला न्हाई, हे घरोघर जाऊन तुम्हीच पाहायचं."

साळूबाई म्हणाल्या, "अन् काका, राग नका मानू. तुमच्या घरी समदं भरलेलं हाये. तुमचा डबा मागल्या गल्लीतल्या अनवरीबीला दिला तर चालंल ना?"

चतुरा, त्या वेळी एक शब्द पुरेसा होता. मी म्हणालो, "अवश्य. मी स्वतःच सुचविणार होतो."

नारळही घेतला. तो देवापुढे ठेवावयाचा सोडून त्याच दिवशी फोडून खाल्ला. त्यास आता जवळजवळ महिना होईल. चहा आणि मुरमुरे यांवर मनुष्य बरेच दिवस काढू शकतो, हा माझा अनुभव आहे. पायांत गोळे येतात. बसले की उभे राहावेसे वाटते, आणि उभे राहिले की भिंत शोधावी लागते.

काल पंच या नात्याने अनवरीबीकडे डबा वेळेवर पोहोचतो की नाही हे पाहण्यास गेलो. तिचा नवरा हिमरूचे कापड विणीत असे. त्याच्या मागे ती एकटी आहे. ती डबा उघडूनच बसली होती. वरण, भात, मेथीची भाजी. मी दारातच उभे राहून विचारले, "अन्न गरम असते काय? काही तक्रार?"

तिने माझ्याकडे वर पाहिले आणि पाहतच राहिली.

"मास्टरसाब, ईद हो गई. तुम्हारे रोजे कब छूटते?"

मी म्हणालो, "बाई, मी समितीच्या कामाने आलो आहे."

"तो समिती को भूक नई लगती क्या? मैंने पचास साल रोजे रखे, फाके का मुँह मैं दूर से पैचानती. बैठो. आधा आधा."

तिने झाकणात अर्धा भात काढला. माझ्या डब्यातला, म्हणजे आता तिच्या डब्यातला. मी वळून चालू लागलो. मागून ती ओरडली, "बड़े पंच बने फिरते! चक्कर खाके नाली में गिरेंगे तो उठाने मुझेच बुलाएँगे!" गल्लीतले लोक हसले. मी मान ताठ ठेवूनच घरी आलो, परंतु आलो तो भिंतीस धरून.

रविवारी मंडळाची सभा आहे. सर्वांसमोर माझे नाव पंच म्हणून जाहीर व्हावयाचे आहे. त्याच सभेत मी खरे सांगावे आणि पंक्तीस बसावे, नाहीतर शाल पांघरून घरी यावे आणि खोलीतच संपावे. तिसरा मार्ग मला दिसत नाही. खरे सांगण्याची मला भीती नाही. अडचण निराळी आहे, आणि ती तुला माहीत आहे.

रविवार, दि. १६, दुपार

ती अडचण आता लिहितो.

बहात्तरच्या दुष्काळात तू देवगावाजवळच्या पाझर तलावाच्या कामावर खडी फोडीत होतीस. तुझ्या कपाळाचे कुंकू जाऊन वर्षही झाले नव्हते. कामावर सरकारी पिठाची सुकडी फुकट वाटतात आणि कडूबा मास्तरची बहीण ओळीत उभी राहून ती घेते, असे येथे दुकानात मला एका गिऱ्हाइकाने हसत सांगितले. मी दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.ने आलो. भर दुपारी, शेकडो माणसांदेखत, तुझ्या पदरातली सुकडी घेऊन मुकादमाच्या पाटीत परत ओतली. "आमच्या घराण्यात फुकटचे कोणी खात नाही," असे मोठ्याने बोललो. तुझी मनकर्णा पाच वर्षांची असेल. ती बोटे चाटीत होती. ती बोटेही मी माझ्या रुमालाने पुसली.

आणि तुम्हा दोघींस घरी घेऊन आलो असतो, तर त्या बोलण्यास काही अर्थ तरी होता. मी संध्याकाळच्या गाडीने एकटाच परतलो. माझ्या घरी त्या वर्षीही दोन्ही वेळा चूल पेटत होती. तुला एक पायली ज्वारीसुद्धा धाडली नाही. भाऊबीजेस तू आली नाहीस तेव्हा वच्छलाबाई रडली. मी तिला म्हणालो, येईल, राग शांत झाला की येईल. राग कोणाचा, हे तिने विचारले नाही.

आज सभेत शेटजींनी माझे नाव पुकारले आणि शाल उघडली. मी उभा राहिलो. म्हणालो, "मी पंच होण्यास पात्र नाही. माझ्या घरात काही नाही. तिळगूळ इस्त्री विकून केला होता. डबा डोळ्यांकरिता नव्हे, पोटाकरिता घेत होतो."

शेटजी शालीची घडी पुन्हा पुन्हा घालीत राहिले. मग साळूबाई ओरडल्या, "अहो माझे बाबा! गूळ कोण मागितला व्हता तुम्हाला? आम्ही तिकडं कौतिक करू करू खाल्लं, अन् तुम्ही हिकडं उपाशी! आमाला नरकात घालता काय?" त्या रागावल्या होत्या, आणि डोळेही पुशीत होत्या. मागे बायांत बसलेली अनवरीबी म्हणाली, "अब भाषन बस. इनको थाली दो पैले."

ताट वाढून आले. मी बसलो नाही. एक पत्र पोहोचावयाचे आहे, ते पोहोचले की बसेन, असे सांगितले.

"पत्राला काय पाय हायेत का?" साळूबाई म्हणाल्या. "चार दिस लागतील. तवर काय वारा खाता?"

त्यांच्या आग्रहास्तव उभ्यानेच वाटीभर ताक घेतले. त्याहून अधिक घेतलेले नाही, हे तुला खरेपणाने कळवितो.

माझा डबा पुन्हा सुरू करू, कोणास कळणारही नाही, असे शेटजी हळूच म्हणत होते. मी नको म्हणालो. तुझ्या हातचे मी चारचौघांत हिसकावले. मी कडी लावून आत जेवावे, हे बरोबर नाही.

हे पत्र आता पेटीत टाकतो. देवगावास ते बुधवारपर्यंत पोहोचावे. गुरुवारी दुपारी बारा वाजता मी मंडळाच्या ओसरीवर रस्त्याकडे तोंड करून पंक्तीत बसेन. माझी जुनी गिऱ्हाइके त्याच रस्त्याने जातात. तुला येऊन माझ्यापुढचे ताट उचलून न्यावयाचे असेल, तर तो अधिकार तुझा आहे. मी हात आखडून बसून राहीन, पहिला घास साडेबारापर्यंत घेणार नाही. देवगावाकडून येणारी कन्नडची गाडी सव्वाअकरास येते. स्टँडावरून शहागंजापर्यंत रिक्षा मिळते. साळूबाईंचे नाव कोणासही विचार.

तू न आलीस तर जेवेन.

तुझा भाऊ
(भावामागे 'वडील' हा शब्द आज लिहीत नाही)
कडूबा