विहिरीचं माप

४ मे, रविवार

कोरडी! दोरीचा दगड तळाला टेकला आणि वर आला तो नुसती माती लावून. विहीर तीस फूट, पाणी शून्य.

मोजायला सांगितलंय म्हणून मोजते आहे. रुचिरा टीचर म्हणाली, 'रोज एक गोष्ट मोजा, तारीख घाला, दिसेल तेच लिहा. वाटेल ते नको.' एकसष्टाव्या वर्षी मला वाटेल ते लिहू नको म्हणणारी ही पहिलीच! माझ्या जेनिसपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते आणि दर रविवारी चेंबूरहून इथे मरोळला येऊन आम्हा चौदा म्हाताऱ्याकोताऱ्यांना दगड, पाणी, हवा, उष्णता शिकवते. फुकट. चर्चमधली मिस्सा झाल्यावर, गावठाणाच्या हॉलमध्ये.

नाव जेनिसने घातलं. 'मम्मी, डॅडी गेल्यापासून तू फक्त टीव्हीशी भांडतेस. जा ना!' गेले. बरं केलंस गं पोरी.

वर्गात कुणी सावली मोजतंय, कुणी बादलीतलं पाणी रोज किती उडतं ते. मी विहीर घेतली. घराच्या पायरीवरून दिसते, असं टीचरला सांगितलं. खरं कारण दुसरं आहे. अठरा जानेवारीला जेनिसचं लग्न. आदल्या दिवशी उंबराचं पाणी – बँड लावून विहिरीवर जायचं, बायकांनी घागरी भरून आणायच्या, त्या पाण्याने नवरीची आंघोळ. माझं पाणी माहेरच्या, वाकोल्याच्या विहिरीचं होतं. तिच्यावर आता मोबाइलची दुकानं आहेत. आजकाल सगळे ड्रममध्ये नळाचं पाणी भरतात आणि त्याच्याभोवती बँड वाजवतात. पण माझ्या नवऱ्याने, क्लिफर्डने, जेनिसला शब्द दिला होता, 'तुझं पाणी आपल्या विहिरीचं.' तो गेला. शब्द माझ्या गळ्यात.

११ मे, रविवार

टीचरने गिल्बर्ट हिलला नेलं. सगळा संसार अंधेरीत झाला, डोंगर लांबूनच बघितलेला! काळे उभे खांब, एकाला एक चिकटून. सहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. थंड होताना आकसला, म्हणून तडे गेले. 'चिखल सुकला की भेगा पडतात ना आंटी, तसंच.' आमच्या विहिरीचा दगड ह्याचाच भाऊबंद. अखंड दगडातून पाणी जात नाही, फटींतून जातं. हात लावला तर गरम होता. उन्हाने, लाव्ह्याने नाही – एवढं आता कळतं.

मी म्हटलं, 'टीचर, माझ्या दिराचं नाव गिल्बर्ट. तो पण ह्याच दगडाचा.' सगळे हसले.

तोंडावर म्हणायची सोय नाही. क्लिफर्डच्या महिन्याच्या मिस्साला, जेवणाच्या पंगतीत, हा धाकटा भाऊ विहीर बुजवायची गोष्ट काढतो! गावठाण मंडळाचा अध्यक्ष ना. मी सगळ्यांसमोर म्हटलं, 'भाऊ पुरलास, आता त्याची विहीर पण पूर!' तीन वर्षं झाली. कामापुरतं बोलतो. हॉलची किल्ली त्याच्याकडे, म्हणून दर रविवारी वर्ग सुटेपर्यंत दारात उभा. किल्ल्या वाजवत. लवकर उरका, असं तोंडाने म्हणायचं नाही म्हणून.

१८ मे, रविवार



टीचरने दोन बाटल्या घेतल्या, बूड कापलेल्या. एकीत माती-मुरूम, दुसरीत मातीवर सिमेंटचा थर. दोन्हींत पेलाभर पाणी ओतलं. पहिलीतून ठिबकायला लागलं. दुसरीत वरच्या वर तळं!

मला त्या तळ्याखाली आमच्या लाद्या दिसल्या. २०१९ साली आमच्या गावठाणातल्या क्रुसाला शंभर वर्षं झाली. सणाला सगळ्यांच्या सँडल चिखलात, साड्यांचे काठ खराब. म्हणून क्रुसापासून विहिरीपर्यंत पेव्हरच्या लाद्या घातल्या, खाली चांगला सिमेंटचा कोबा. घरोघर फिरून सगळ्यांना तयार कुणी केलं? एथेलने! फादरांनी माझं नाव घेऊन आभार मानले होते. दोन वर्षांत विहीर आटली. आम्ही म्हटलं, देवाची मर्जी.

देवाची कसली. माझी.

२० मे

गिल्बर्टकडे गेले. तीन वर्षांत पहिल्यांदा. तो त्याच्या गाड्या धुवायच्या सेंटरवर होता, नळी हातात. म्हटलं, लाद्या काढायच्या आहेत.

'वैनी, तुला येड लागलंय? तूच घातल्यास ना?'

'म्हणून तर काढते.'

पुढच्या गाडीची चाकं धुवायला घेतली. मग म्हणाला, 'काढ. पण लग्नानंतर कोरडीच असली तर स्लॅब टाकनार. पोरांना गाड्या लावायला जागा नाय.'

'आणि तुझं हे बोअर? त्याचा काय परिणाम?'

'माझं बोअर दीडशे फूट. तुझी विहीर तीस. काय संबंध!'

खरंच, काय संबंध. उगाच विचारलं. चूक माझी आणि बोट दुसऱ्याकडे!

२६ मे

लाद्या निघाल्या. कोबा फोडायला दोन माणसं, चार दिवस. शेजारपाजारचे येऊन-जाऊन टोमणे मारतात. 'एथेल, आता सणाला गमबूट घालून येऊ काय?' घाला बाबांनो.

दत्ताराम गाळ काढायला उतरला. सत्तरीचा आहे. बाप गिरणीत होता, हा विहिरी साफ करत आला. आता उपनगरात विहिरी उरल्यात कुठे, पण बोलावलं की येतो. तळातून ओरडला, 'झरो जिवंत आसा, बाय! घाबरू नको!' वर आला तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत चिखल आणि दात तेवढे पांढरे. त्याला तिखट मटण वाढलं. त्याने दोनदा घेतलं. देव भलं करो त्याचं.

२९ जून

सहा फूट दोन इंच. चपला दारातच चिखलात रुतल्या. एवढा आवडता चिखल आयुष्यात बघितला नाही!

३ ऑगस्ट

चौदा फूट. जेनिस कठड्यावर वाकून म्हणाली, 'मम्मी, माझं तोंड दिसतंय.' मी पण वाकले. दोन तोंडं. तिसरं असायला हवं होतं. रडले थोडी. बरं वाटलं.

५ ऑक्टोबर, रविवार

सतरा फूट. वर्गात माझा आलेख फळ्यावर लावला. टाळ्या! शाळेच्या ऑफिसात तेहतीस वर्षं दुसऱ्यांचे मार्क लिहिले, स्वतःसाठी टाळ्या पहिल्यांदा. गिल्बर्ट दारात होताच. आलेखाकडे बघत होता बहुतेक. किंवा घड्याळाकडे, ते पण त्याच भिंतीवर आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

अकरा फूट. जरा भरभर उतरतंय.

आज टीचरने एक शहाळं आणलं, त्यात दोन स्ट्रॉ. एक आखूड, एक लांब. लांब स्ट्रॉने एकाने ओढायला सुरुवात केली. थोड्या वेळात आखूड स्ट्रॉला नुसती हवा! 'जमिनीखाली कुंपण नसतं,' टीचर म्हणाली. 'खोल बोअर ओढायला लागलं आणि फटी जोडलेल्या असल्या, तर जवळच्या विहिरीचं पाणी खाली जातं.'

 दारातल्या किल्ल्या आज वाजत नव्हत्या.

वर्ग सुटल्यावर टीचरला हळूच विचारलं. म्हणाली, 'असू शकतं, आंटी. लाद्याही असतील, बोअरही. बोअर काही दिवस बंद करून विहीर मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.'

बंद करायला सांगणार कोण? त्याचं पोट आहे त्याच्यावर. आणि मी त्याला पंगतीत काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. त्याला आठवत नसेल?

१४ डिसेंबर, रविवार

सहा फूट तीन. लग्नाच्या पत्रिका वाटून झाल्या. गिल्बर्टच्या घरी जेनिसला पाठवलं. मी गेले नाही. गेले असते तर बोअरचं तोंडातून निघालं असतं.

२५ डिसेंबर

चार फूट. नाताळच्या मिस्साला गिल्बर्ट पुढच्या बाकावर. मान हलवली. मी पण हलवली. जाऊन बोल एथेल, जाऊन बोल, असं स्वतःला तीनदा म्हटलं. घरी येऊन नाताळच्या मैद्याच्या फुग्या तळत बसले.

७ जानेवारी, बुधवार

अकरा इंच. गढूळ. घागर आडवी होते, बुडत नाही.

जेनिस म्हणाली, 'मम्मी, ड्रम आणू या. सगळे तेच करतात. डॅडी रागावणार नाही.' माझी समजूत घालत होती, नवरी असून. तिच्यासमोर हसले. सगळं करून झालं – लाद्या, गाळ, आठ महिन्यांची मापं. तरी अकरा इंच. मी घातलेला कोबा सहा वर्षं जमिनीचं तोंड दाबून होता, एका पावसात कसं फिटणार ते?

९ जानेवारी

एक फूट तीन.

चुकले असेन. पुन्हा टाकला दगड. एक फूट तीन!

१० जानेवारी

दोन फूट एक. पाऊस नाही, काही नाही!

पहिला विचार – कुणीतरी नळाचं पाणी ओततंय. माझ्यावर दया म्हणून. टीचरचं वाक्य आठवलं, वाटेल ते नको. पाण्यातले क्षार मोजायचं वर्गातलं टीडीएस मीटर घेऊन बसले. नळाचं पाणी ८०. विहिरीचं आजवर ५४०च्या आसपास. आजचं? ५३५. नळाचं नाही! आपलंच आहे, जमिनीतलं!

११ जानेवारी, रविवार

दोन फूट अकरा. मिस्साहून येताना कारण सापडलं. सेंटरच्या शटरवर कागद – 'मोटर जळाली. सेंटर बंद.'

म्हणजे बोअरच होतं! आणि नेमकी आता जळाली मोटर! दिराचं नुकसान आणि माझी दिवाळी. वाईट वाटायला हवं. वाटत नाही. देवा, माफ कर, आणि थँक्यू. लग्नापर्यंत मेकॅनिकला सर्दी-खोकला काहीतरी होऊ दे. जास्त काही नको.

दोन मेणबत्त्या लावल्या. एक आभाराची, एक माफीची.

१७ जानेवारी, शनिवार

आलं पाणी! उंबराचं पाणी आलं!

चार फूट. बँडवाले जीव खाऊन वाजवत होते. सगळ्या बायका लुगड्यात, मी सुद्धा. कठड्यावर दारूचा थेंब ओतला, विहिरीला मान म्हणून. पहिली घागर मी सोडली. बुडबुड करून भरली. तो आवाज ऐकायला क्लिफर्ड हवा होता. दोर ओढताना हातातला जोर गेला, तेवढ्यात मागून कुणीतरी दोर धरला. गिल्बर्ट. दोघांनी मिळून घागर वर घेतली.  मी म्हटलं, 'मोटरचं ऐकलं रे. वाईट झालं.' तो म्हणाला, 'हां. व्हतं असं.' आणि माझ्या डोक्यावर घागर नीट ठेवून दिली.

घागरी सांडून झालेल्या चिखलातून नाचत घरी आलो. एकीनेही सँडलचं नाव काढलं नाही.

१८ जानेवारी

लग्न झालं. पाणी गार होतं, जेनिस किंचाळली. घर रिकामं आहे. तरी मन भरलेलं आहे.

२५ जानेवारी, रविवार

वर्गाचा शेवटचा दिवस. टीचरने सगळ्यांच्या निरीक्षणाच्या वह्या तपासून परत दिल्या. माझ्यावर लाल शाईत 'उत्कृष्ट'. मग आणखी एक वही हातात दिली. 'आंटी, ही गिल्बर्ट अंकलना द्याल? आज आले नाहीत, हॉलची किल्ली तेवढी पाठवली. नोव्हेंबरात मागून घेतली होती. नाव पटावर घालू नका म्हणाले.'

पायरीवर बसून उघडली. त्याचं ते वाकडंतिकडं अक्षर.

'२४ नोव्हेंबर. विहीर १० फूट ११. मोटर सहा तास.'

रोजचं आहे. रोजचं! पहाटे, मी उठायच्या आधी मोजत होता. मध्ये दोन-दोन दिवस मोटर बंद ठेवून बघितली आहे, परत चालू करून बघितली आहे. मग –

'८ जानेवारी. मोटर बंद केली. आता चालू करायची नाही. बाहेर जळाली म्हणून लिहिलं.'

'१७ जानेवारी. ४ फूट. पाणी निघालं.'

आणि शेवटच्या पानावर – 'निष्कर्ष. लाद्यांपेक्षा बोअरचा दोष जास्त. वैनी सगळं स्वतःवर घेते. तिला सांगायचं कसं ते माहीत नाही.'

उठले, विहिरीवर गेले. चार फूट सात इंच. आजचं माप त्याच्या वहीत लिहिलं आणि खाली लिहिलं – 'सांगितलंस, गिल्बर्ट.' आता वही द्यायला निघाले आहे.