खडकावर काढलेल्या चपला

शाल मिळाली. मी शाल मागितली होती का? मी विचारलं होतं की तू कशी आहेस, तर उत्तरादाखल शाल आली, आणि तीही राखाडी. डोकं राखाडी झालंय तेवढं पुरे नाही का?

असो. बारके, तुला मोठीचे पोटभर आशीर्वाद. गुडघे काय म्हणतात? (माझ्या गुडघ्यांचं विचारू नकोस, ते वाजतात तेव्हा तुझ्यापर्यंत ऐकू येत असतील.) नातवंडांना पापे. सुनेला तुला जे योग्य वाटेल ते.

आता ऐक. लेकाची बदली इथे झाल्यापासून मी समुद्र खिडकीतूनच बघत होते. रविवारी लेक-सुनेने मला किनाऱ्यावर नेलं आणि घडीच्या खुर्चीत बसवून पिशव्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं. मऊ वाळू इथे औषधालाही नाही, नुसते काळे खडक, आणि ओहोटीने उघडे पडलेले. लेकाचं तोंड पेपरात, सुनेचं फोनमध्ये. मी पिशव्यांना रामराम केला आणि उठले. मोठ्या खडकामागे पाण्याचं एक डबकं सापडलं. इतकं स्वच्छ की तळ नुकताच घासलाय असं वाटावं. म्हणून घरात शिरताना काढते तशा मी चपला बाहेर काढून ठेवल्या आणि पाय पाण्यात सोडून बसले. (हसू नकोस, तूही काढल्या असत्यास.) आत एक लाल फूल होतं. बोट लावलं तर मिटलं, हात काढला तर पुन्हा उमललं, पाच वेळा केलं तरी कंटाळेना. तळाशी गोल गोल खडे, थेट बटणं! आपण दोघींनी कारखान्यात समोरासमोर बसून जन्मभर बटणं लावली, पण अशी नाही बघितली. एकाचा रंग दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. मुकादमाने सगळा माल परत पाठवला असता.

तेवढ्यात खडकापलीकडून रडारड ऐकू आली. कोणीतरी हुंदके देत म्हणत होतं, 'तोंडाने फटकळ, पण मनाने फार चांगल्या होत्या हो!' मला वाटलं, कोण बाई गेली बिचारी, बघावं तरी. मान बाहेर काढली तर रडणारी माझी सून, आणि लेकाच्या छातीशी माझ्या ओल्या चपला! भरतीने त्या उचलून या दोघांपुढे नेऊन टाकल्या होत्या. (एरवी दारातल्या त्याच चपला तो पायाने बाजूला सारतो.) मला बघताच रडणं थांबलं आणि ओरडणं सुरू झालं. माझा चांगुलपणा तेवढ्यात संपला. मधे गुडघाभर पाणी चढलेलं, म्हणून लेकाने मला पाठुंगळी घेतलं आणि वाटभर माझं वजन आणि माझी अक्कल या दोन्हींवर बोलला.

मी मात्र मागे बघत होते. फुलासकट सगळं डबकं भरतीखाली गेलं होतं. सुनेला त्याचं सांगायला गेले तर म्हणाली, 'आई, आधी कपडे बदला.' बरोबरच आहे तिचं. पण त्या डबक्याशी माझ्या शेजारी 'अगं बाई!' म्हणणारं कोणीतरी हवं होतं.

तुझी,
मोठी

ता. क. लेकाचा हुकूम आहे, जबाबदार माणूस सोबत असल्याशिवाय खडकांकडे फिरकायचं नाही. मी तुझं नाव सांगितलं. तो आधी खूप हसला, मग हो म्हणाला.

आणखी ता. क. तुझे मालक गेल्यापासून तू घराबाहेर पडत नाहीस असं कळलं. गेले ते. तू नाही गेलीस. माझ्या खोलीत दुसरी खाट टाकून घेतली आहे. इथे सांगितलंय, पाहुण्यांसाठी म्हणून. दुसरा कुठला पाहुणा मला नको आहे.

शेवटचा ता. क. उत्तर तू स्वतः लिहायचंस. तुझी सून 'बघू' लिहिते, ते चालणार नाही. यायचं नसेल तर मात्र तिलाच लिहायला सांग. तुझ्या अक्षरातलं 'नाही' मी वाचणार नाही.