मेजूच्या ढेपांवरचा उंदीर

सूनबाई हेरान,

हे कुणालाच खरं वाटणार नाही, तुला तर नाहीच. सकाळी आढ्याला टांगलेल्या मेजूच्या, म्हणजे आंबवायच्या सोयाबीनच्या ढेपांवर बोक्याएवढा उंदीर बसला होता. मी काठी उगारली, तर पठ्ठ्यानं शेपटीचा असा फटका दिला की मी स्टुलावरून थेट खाली! थोडं लागलंय. शेजारची मल्सुन टेम्पोतून दवाखान्यात नेतेय. मागच्या हिवाळ्यासारखी माझ्यापायी पुन्हा नोकरी सोडून घरी बसू नकोस.

उंदरांच्या बिळांत चेस्टनटची काटेरी टरफलं ठासली आहेत, वरून चिखल लिंपायचा राहिलाय. तेवढं कर. ढेपांच्या दोरीला वरून तार जोड, नुसत्या दोरीवरून ते सरसर उतरतात. ढेपा गेल्या तर सोया सॉस कशाचा करणार? वर्षभर अळणी खावं लागेल.

तुझा सासरा

हेरान, मी मल्सुन. काका सांगत होते, मी लिहीत होते. शेवटी राहवलं नाही, तोंडावरच म्हटलं, "काका, कसला उंदीर नि कसलं काय! सकाळी उठल्यापासूनच तुमचा उजवा हात लुळा पडलाय, म्हणून चिठ्ठी माझ्याकडून लिहून घेताय, आणि वर सुनेला थापा?"