कुंपणाची टिकटिक

प्रिय एमरी,

तुझ्या फाटकापर्यंत दोनदा आलो आणि तसाच परत फिरलो. शेजारी राहणाऱ्या सख्ख्या भावाला पत्र लिहायची वेळ यावी, यातच सगळं आलं.

आमच्या दुर्बिणीचं तुला काय सांगायचं! डोळ्यांना न दिसणाऱ्या रेडिओलहरी त्या अवाढव्य तबकडीवर पडतात, तिथून वर एका टोकाशी गोळा होतात. तिथला रिसीव्हर बर्फाहून थंड ठेवायचा, नाहीतर त्याचीच खरखर सगळं गिळते. आकाशातून येतं ते इतकं क्षीण, की खोऱ्यात कुणाकडे ठिणगी उडाली तरी बुडून जातं. म्हणून तर आपल्याकडे मोबाइल नाही, आणि म्हणूनच मला पगार मिळतो: ट्रकवर अँटेना लावून ठिणग्या हुडकायच्या.

गेल्या महिन्यात दुर्बिणीच्या नोंदीच्या कागदावर एकसारखी टिकटिक उमटली. गरगर फिरणारा मेलेला तारा असेच ठोके देतो, म्हणून ऑफिसातली पोरं हुरळली. मी तबकडी दुसरीकडे वळवायला लावली. तारा असता तर ठोके थांबले असते, थांबले नाहीत. म्हणजे चोर जमिनीवर. अँटेनानं तुझ्या घराची दिशा दाखवली आणि माझ्या अंगातच आलं.

चर्चच्या जेवणात, सगळ्यांदेखत, तू चोरून काहीतरी चालवतोस म्हणालो. तिथून तडक तुझ्या घरी येऊन आजारी डेल्फियावहिनीच्या कंबरेखालचं विजेवरचं शेकायचं पॅड, ठिणगी त्याचीच म्हणत, ओढून काढलं. ती भिंतीकडे वळली. तू एवढंच म्हणालास, "ने, लोवेल. तुझ्या ताऱ्यांना त्रास नको."

दुसऱ्या दिवशी टिकटिक बंद. मी ऑफिसात छाती काढून फिरलो. तू रविवारी जेवायला येईनासा झालास. लोक तुझ्याबद्दल कुजबुजायचे आणि मी ऐकून घ्यायचो.

मग पाऊस झाला, गवत वाढलं आणि टिकटिक परत आली. पॅड तर माझ्या ट्रकमध्ये पडलेलं. या वेळी छोटा अँटेना हातात धरून चालत निघालो, तो थेट माझ्याच कुंपणाशी पोचलो, तुझ्या मक्याच्या बांधावर. गाई अडवायला लावलेल्या विजेच्या झटक्याच्या तारेला ओलं गवत टेकलं होतं आणि मशीनच्या प्रत्येक झटक्याला ठिणगी उडत होती. नव्या गवताखाली आधी कुणीतरी कापलेलं वाळून पडलं होतं, सगळं उलट्या बाजूला आडवं. खोऱ्यात डाव्या हातानं विळा चालवणारा तू एकटाच.

तुला तेव्हाच कळलं होतं. माझी अब्रू जाऊ नये म्हणून तू गवत कापलंस आणि गप्प राहिलास. पॅडविना डेल्फियानं इतके दिवस कसे काढले, हे विचारायचंही मला तोंड नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

पॅड या पत्राबरोबर पायरीवर ठेवतोय. त्यात काही दोष नाही, आजच लाव. ऑफिसात सगळं सांगून झालं. रविवारी चर्चच्या जेवणात उभा राहून सगळ्यांना सांगणार आहे, तू आलास तरी, नाही आलास तरी. झटका मशीन काढून टाकलंय. लाकडी कुंपण होईपर्यंत माझ्या गाई तुझ्या मक्यात शिरणार. शिरल्या की बांधावर ये आणि मला शिव्या घाल. तेवढं तरी बोल माझ्याशी.

तुझाच,
लोवेल